आषाढातली वही : साताऱ्यातल्या एका वाचनगटाच्या पंचाहत्तरीच्या भेटीचं प्रकरण

भेट शनिवारी दुपारी द्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता वही टेबलावर ठेवली, तेव्हा पुढचं कव्हर होडीसारखं वर उचललेलं होतं आणि मागचं एका कोपऱ्यात पिळलेलं. हाताने दाबलं की बसायचं, हात काढला की परत वर. आतली पहिली आठ-दहा पानं लाटांसारखी झाली होती. आतल्या बाजूच्या पांढऱ्या अस्तरावर, कडेने, खणाचा मरून रंग बोटभर पसरला होता.

वही बांधणाऱ्या दोघींचा हात वाईट नव्हता. शिलाई उत्तम होती, मापं बहुतेक बरोबर होती, साहित्य चांगलं आणलं होतं. तरीही कव्हर बिघडलं. त्याची कारणं एकेक करून पाहण्यासारखी आहेत, कारण पावसाळ्यात हाताने वही बांधणाऱ्या प्रत्येकाला ती भेटतात.

गट आणि प्रसंग

शाहूपुरीतला हा गट तेरा जणींचा आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेचार ते सव्वासहा असा वेळ, दर महिन्याला एक पुस्तक. वाढदिवसांबद्दल त्यांनी दोन नियम केलेत आणि दोन्ही शहाणपणाचे आहेत. पहिला : वाढदिवस चर्चेनंतर, आणि तोही वीस मिनिटांत. आधी केक कापला की पुस्तक बाजूला राहतं, मग कुणी ते उघडतच नाही. दुसरा : भेट सगळ्यांची मिळून एकच, आणि ती हाताने केलेली. विकतचं पुस्तक द्यायचं नाही, हे मुद्दाम ठरवलं. वाचणाऱ्या माणसाला पुस्तक देणं दिसतं सोपं, पण ते त्याच्याकडे असण्याचीच शक्यता जास्त. एकीला एकाच वाढदिवसाला एकाच कादंबरीच्या दोन प्रती मिळाल्यावर हा नियम झाला.

जुलैत गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या पंच्याहत्तर पूर्ण करणार होत्या. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळ्यांच्या ‘बाई’. एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन या तिन्हीला आपल्याकडे मान आहे. त्यामुळे क्रोशाची पर्स किंवा कुंडी यावर भागणार नव्हतं.

कल्पना भिलारला सुचली होती. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणारं हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून खुलं झालं. सुरुवातीला तिथे २५ ठिकाणी, म्हणजे घरांच्या ओसरीत, शाळेत, देवळात, मिळून सुमारे १५,००० मराठी पुस्तकं मांडली होती. गटाची फेब्रुवारीत तिथे सहल झाली, तेव्हा बाई प्रत्येक घरात पुस्तकांची नावं टिपत होत्या. कागद कुठले? लाइट बिलाची मागची बाजू, एसटीचं तिकीट, स्ट्रॉबेरीच्या दुकानातली पावती. घरी पोचेपर्यंत निम्मे कपटे हरवले. तेव्हाच ठरलं : बाईंना वाचनवही द्यायची. नुसती कोरी नाही. प्रत्येकीने आत एक पान लिहायचं.

बारा जणी, बारा जुजं

वहीची आखणी सुंदर होती, आणि ती तशीच उचलावी अशी आहे. लिहिणाऱ्या बारा जणी, म्हणून वहीत बारा जुजं. (बांधणीत घडी घालून एकात एक बसवलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला जुज म्हणतात, जुजं शिवून बांधलेलं पुस्तक ते जुजबंदी.) एका जुजात ए-फोर आकाराचे चार कागद, मधोमध दुमडून. त्याची होतात आठ पानं, सोळा पृष्ठं. प्रत्येक जुजाच्या तोंडाशी एकीचं लिहिलेलं पान, पुढची चौदा पृष्ठं बाईंसाठी कोरी. एकूण ४८ कागद, १९२ पृष्ठं. शंभर जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाच्या) कागदात ही जाडी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरते. शिलाईचा दोरा धरून पाठ पंधराला जाते.

म्हणजे बाई जूनमधलं पुस्तक टिपत जातील आणि मध्येच कुणाचं तरी पान समोर येईल. सगळी शुभेच्छापत्रं पुढे आणि कोरी पानं मागे अशी रचना केली असती, तर पुढचा भाग एकदाच वाचून मिटला असता.

लिहायचं काय, याचीही सूचना नेमकी होती : ‘बाईंनी सुचवल्यामुळे वाचलेलं एक पुस्तक, आणि त्यातलं मनात राहिलेलं एक काहीतरी. बाईंचं कौतुक नको.’ शेवटच्या तीन शब्दांनी मोठं काम केलं. कौतुक लिहा म्हटलं की बारा पानं एकसारखी येतात. इथे बारा वेगळी आली. बँकेत नोकरी करणाऱ्या एकीने लिहिलं होतं की जाडजूड आत्मचरित्र तिने कोरेगाव-सातारा एसटीत रोज दहा-पंधरा पानं करत संपवलं, आणि खूण म्हणून त्या त्या दिवशीचं तिकीट पुस्तकात ठेवत गेली. पुस्तक संपलं तेव्हा आत तिकिटांची थप्पी झाली होती. शाई निळी, अक्षर बँकेच्या फॉर्मसारखं टापटीप.

घोळ झाला तो सूचनेत जे लिहिलं नव्हतं त्यामुळे. प्रत्येकीला पूर्ण ए-फोर कागद, आधीच दुमडून, ‘या पानावर, पुढे-मागे’ अशी पेन्सिलची खूण करून द्यायला हवा होता. ‘ए-फोरच्या अर्ध्या भागावर लिहून आणा’ एवढाच निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. तिघींनी उलट्या अर्ध्यावर लिहिलं. त्यांची पानं जुजाच्या शेवटी गेली, ते चाललं. एकीने सुट्या पानावर लिहिलं. सुटं पान शिवता येत नाही, शिवायला घडी लागते. त्याला अडीच सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी तीन मिलिमीटरवर चिकटवून, पट्टी जुजाभोवती वळवून, पट्टीतून दोरा घालावा लागला. एकीने शिलाईकडचा समास सोडलाच नाही, तिच्या ओळींचं पहिलं अक्षर घडीत गेलं. शिलाईच्या बाजूला दोन सेंटिमीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना बारा मिलिमीटर मोकळं ठेवलं की हा प्रश्न येत नाही.

दोघींनी फोटो चिकटवले. एक फोटो म्हणजे दोन-तीन पानांची जाडी. तो एकाच कडेला असला की वही पाचरीसारखी होते, मिटत नाही. फोटो हवाच असेल तर साध्या कागदावर छापून घ्यावा, आणि त्या जुजातून एक कोरा कागद कमी करावा.

पेनाचं तर सांगायलाच हवं. शाईच्या पेनाने लिहिलेलं पान ओलाव्याला टिकत नाही. साधं बॉलपेन टिकतं. पहिल्याच जुजातलं पान फाउंटन पेनाचं होतं, आणि ते पहिलं आल्यामुळे पुढे सगळ्यांत जास्त सोसावं लागलं ते त्यालाच.

पानं गोळा व्हायची तारीख २५ जून ठरली होती. नऊ वेळेवर आली. दोघींना जमलं नाही. तिसरी लोणंदला माऊलींच्या पालखीच्या दर्शनाला गेली आणि तिथून माहेरी फलटणला राहिली. शेवटचं पान हातात आलं ते वाढदिवसाच्या आधीच्या बुधवारी. बांधणीला उरले अडीच दिवस, तेही आषाढातले.

शिलाई

शिलाई गुरुवारी दुपारी झाली, चार तासांत. इथे काहीच बिघडलं नाही, म्हणून थोडक्यात. प्रत्येक जुजाच्या घडीवर वरून १५, ६०, १०५, १५० आणि १९५ मिलिमीटरवर खुणा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर एकदाच खुणा करून तीच पट्टी बाराही जुजांना लावली, त्यामुळे भोकं ओळीत आली. भोकं टोच्याने, घडी अर्धवट उघडून, आतून बाहेर. दोरा जाड सुती, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढलेला. लांबीचा हिशेब सोपा आहे : पानाची उंची गुणिले जुजांची संख्या, वर हातभर. इथे तीन मीटर. पण तीन मीटरचा दोरा एकदम घेतला तर गुंतागुंत होते, म्हणून दीड-दीड मीटरचे दोन तुकडे केले आणि जोडाची गाठ जुजाच्या आत ठेवली. दोरा बाहेर आला की खालच्या जुजाच्या टाक्यात अडकवून त्याच भोकातून परत आत. दोन्ही टोकांना गाठटाका, म्हणजे खालच्या जुजाशी बांधणारी गाठ. ओढताना दोरा घडीच्या दिशेने ओढायचा. काटकोनात ओढला की कागद चिरतो.

पाठीला फेविकॉलचा पातळ हात, त्यावर १८ सेंटिमीटर बाय साडेसहा सेंटिमीटर मलमलीची पट्टी, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर राहील अशी. पट्टीचे हे कान पुढे कव्हराला चिकटतात, आणि वहीचं सगळं वजन त्यांच्यावर पडतं.

ही शिलाई पक्की होती म्हणून पुढचं सगळं निभावलं.

गुरुवारची रात्र

दोन मिलिमीटरचा पुठ्ठा, त्यावर मरून रंगाचा काठाचा खण, आत पांढरं अस्तर. खण निवडला तो बाईंच्या आवडीमुळे, आणि दिसायला त्याला तोड नाही. चिकटवायला मैद्याची खळ केली, फेविकॉल घातलेलं कडक होतं म्हणून. खळ पुठ्ठ्याला लावली, खणाच्या मागेही लावली. खण बसवला, कडा आत वळवल्या, शिवलेला गठ्ठा आत ठेवला, अस्तराला भरपूर खळ लावून कव्हर मिटलं. वर पाट आणि पाटावर दोन शब्दकोश. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

शुक्रवारी सकाळी आठला काढलं तेव्हा वही सपाट होती. हात लावला तर गार लागत होती. बाहेर झड लागलेली. लवकर वाळावी म्हणून कव्हरं उघडून पंख्याखाली उभी केली. दुपारी एक कोपरा उचलला, चारपर्यंत होडी झाली. मग केस वाळवायचं मशीन आणलं. त्याने जे थोडं सरळ होतं तेही गेलं.

का बिघडलं

गार लागणं ही पहिली खूण. कागद किंवा पुठ्ठा गालाला लावून पाहावा. खोलीतल्या कोरड्या पुठ्ठ्यापेक्षा गार लागला तर आत पाणी आहे, वरून कितीही कोरडा दिसो. साताऱ्यात जुलैत दिवसचे दिवस हवेतच इतका ओलावा असतो की भिजलेला पुठ्ठा नुसत्या दाबाखाली एका रात्रीत वाळत नाही. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात चार ते पाच, आणि तेही मधले रद्दीचे कागद बदलत राहिलं तर : पहिल्या दिवशी दर दोन तासांनी, नंतर सकाळ-संध्याकाळ. रद्दी बदलली नाही तर निघालेलं पाणी त्याच कागदात बसून राहतं.

आता वाकण्याचं. कागद, कापड, पुठ्ठा ओले झाले की फुगतात, वाळले की आकसतात. कव्हराच्या बाहेर कापड आणि आत अस्तर अशा दोन ओढी असतात. दोन्ही सारख्या असल्या, सारख्या वेळी वाळल्या, की पुठ्ठा मधे सरळ राहतो. पंख्याखाली बाहेरचा खण आधी वाळला आणि आकसला. आतलं अस्तर अजून ओलं, फुगलेलं. पुठ्ठा बाहेर ओढला गेला. केस वाळवायच्या मशीनने हा फरक आणखी वाढवला.

पण मागचं कव्हर पिळलं, त्याला हे कारण पुरत नाही. ते कागदाच्या ग्रेनचं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. ओला झाल्यावर कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, ग्रेनच्या दिशेने जवळजवळ नाही. पुठ्ठ्यालाही हेच लागू. म्हणून वहीतल्या प्रत्येक वस्तूचा ग्रेन, म्हणजे पानं, अस्तर, दोन्ही पुठ्ठे, पाठीशी समांतर, वरून खाली असा हवा. इथे पुठ्ठ्याचा ताव पुरवायला पुढचा तुकडा उभा कापला होता आणि मागचा आडवा. वीसेक रुपयांचा पुठ्ठा वाचला. पुढचा नुसता वाकला. मागच्यात पुठ्ठा एका दिशेला आणि अस्तर दुसऱ्या दिशेला ओढत होतं, तो पिळला.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागदाचा पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून एका बाजूला ओलं बोट फिरवा : तो नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला तीच ग्रेनची दिशा. जाड पुठ्ठा दोन्ही हातांनी उभा आणि आडवा थोडा वाकवून पाहा : ज्या दिशेची घडी सहज पडेल असं वाटतं, ग्रेन त्या घडीला समांतर.

पानांतही हाच दोष होता, फक्त तो कमी दिसला. दुकानात मिळणाऱ्या ए-फोर कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो. तो मधोमध दुमडला की घडी ग्रेनला आडवी येते. अशी वही पूर्ण उघडत नाही, पानं ताठ उभी राहतात. यावर एक साधा उपाय आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे घरी बांधलेल्या बहुतेक वह्या कडक होतात. ए-थ्री कागद लांब ग्रेनचा आणायचा आणि मधोमध कापायचा. मिळालेल्या ए-फोरचा ग्रेन आता आखूड बाजूने आहे. तो दुमडला की घडी आणि ग्रेन एका दिशेला. ४८ कागदांसाठी ए-थ्रीचे २४ ताव, चार जास्तीचे धरून २८. कापून द्यायला कुठलाही छापखाना तयार असतो.

उरले रंग, लाटा आणि बिजागरी. खणाचा रंग पक्का आहे का, हे ओल्या पांढऱ्या चिंधीने कडेला घासून आधीच कळलं असतं. खण पातळ असतो, मागून लावलेली खळ विणीतून पुढे येते आणि वाळल्यावर पांढुरके डाग पडतात. तेही दोन ठिकाणी होते. पानांना लाटा आल्या, कारण अस्तर आणि पहिलं पान यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद ठेवला नव्हता. अस्तरातलं पाणी सरळ पानांत गेलं, फाउंटन पेनाचं पान तिथेच फुटलं. आणि बिजागरी, म्हणजे पाठीची पट्टी व पुठ्ठा यांच्यातली खाच, चार मिलिमीटर ठेवली होती; दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला सात-आठ लागते. खाच कमी पडली की कव्हर उघडताना पहिलं पान ओढून घेतं.

खळीबद्दल दोन शब्द. ती वाईट नाही. जुने बाइंडर आयुष्यभर तिच्यावरच काम करत आले. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं सतत ढवळायचं, चमक आली की उतरवून गाळायचं. पण तिच्यात पाणी भरपूर, म्हणून ती कोरड्या दिवसांत वापरावी. ओल राहिली तर बुरशी येते, आणि कसर व झुरळं पिठाला येतातच. पूर्वी त्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत. ते विषारी आहे, आणि त्यातलं तांबं कागदालाही दीर्घकाळात चांगलं नाही. रोज हाताळायच्या वहीत, तीही पंच्याहत्तरीतल्या माणसाच्या, ते मुळीच घालू नये.

शुक्रवारी रात्री

तीन पर्याय समोर होते. वाकडी वही तशीच द्यायची. विकतची डायरी आणून त्यात बारा पानं कापून चिकटवायची. किंवा कव्हर काढून टाकायचं. विकतच्या डायरीकडे गटाचा कल होता, कारण ती निदान नीटनेटकी दिसली असती. बांधणाऱ्या दोघींपैकी एकीने तिथे आडवा हात घातला. ‘बारा जुजं शिवलेली आहेत. ती फाडायची नाहीत.’

तिचं बरोबर होतं. जुजबंदीची हीच तर सोय आहे : कव्हर हे कपड्यासारखं, काढता-घालता येतं. पानं शिलाईवर उभी असतात. आतल्या बाजूने, बिजागरीच्या रेघेवर, धारदार ब्लेडने अस्तर आणि मलमलीची पट्टी कापली. पंधरा मिनिटांत कव्हर सुटलं. वहीच्या पुढे-मागे एकेक कोरं पान जास्तीचं असतं तर नुकसान फक्त अस्तराचं झालं असतं; ते नव्हतं, म्हणून शाई फुटलेलं पान आता सर्वांत वर उघडं आलं. ते वाचता येत होतं. तसंच ठेवलं.

लाटा आलेल्या पानांमध्ये टीपकागद घातले, गठ्ठा दोन फळ्यांमध्ये ठेवला, वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच विटा, म्हणजे साधारण पंधरा किलो. रात्रभरात लाटा बऱ्याच बसल्या.

आणि कव्हराच्या जागी बासन. घराघरांतल्या पोथ्या याच पद्धतीने राहिल्या आहेत : सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, भोवती कापड. सकाळी सुताराकडून पातळ प्लायवूडच्या २२ बाय १६ सेंटिमीटरच्या दोन फळ्या कापून आणल्या, पॉलिशपेपरने कडा गुळगुळीत केल्या. लाल मांजरपाटाचा पाऊण मीटरचा चौकोन, चारी कडा दुमडून शिवलेल्या, एका कोपऱ्याला हातभर नाडी. फळी, वही, फळी. कापडाचे तीन कोपरे आत, चौथा वरून, नाडी दोनदा फिरवून गाठ. गोंदाचा थेंबही नाही. दीड तासाचं काम.

शनिवार

चर्चा सव्वापाचच्या पुढे रंगली आणि तिला कुणी घाई केली नाही. नंतर औक्षण. इथला क्रम मुद्दाम सांगण्यासारखा आहे : आधी औक्षण, मग खाणं, मग हात धुऊन कोरडे, मग भेट. तबकातलं निरांजन, ओलं कुंकू, तूप, वर कंदी पेढ्याचे तुपकट हात आणि छत्र्यांचं पाणी, यातलं काहीही कागदाला परवडत नाही. ओल्या कुंकवाचा डाग कागदातून निघत नाही, पुसायला गेलं की पसरतो. वही बाईंच्या मांडीवर कोरड्या पंचावर ठेवली आणि मगच नाडी सोडली.

बाईंनी शाई फुटलेल्या पानावर बोट ठेवून विचारलं, ‘हे पावसाने?’

‘हो बाई. कव्हरही पावसानेच गेलं. दसऱ्यानंतर नवीन घालून देऊ.’

‘मग तोवर लिहू नको का?’

‘लिहा की. बासनातून काढून लिहा.’

दसऱ्यानंतर

दसऱ्याला सरस्वतीपूजनात बाईंनी ती वही बासनासकट पुजली. त्यानंतरच्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, कव्हर पुन्हा झालं.

पुठ्ठे आठवडाभर आधीच घरात आणून लोखंडी कपाटात उभे ठेवले होते. दोन्हींचा ग्रेन उभा. माप : वही १४८ बाय २१० मिलिमीटर, म्हणून पुठ्ठे १४५ बाय २१६, पाठीची पट्टी १९, म्हणजे वहीची जाडी १५ आणि दोन पुठ्ठ्यांचे चार, खाचा आठ-आठ. दोन पुठ्ठे, पट्टी आणि खाचा मिळून ३२५. चारी बाजूंनी १८ मिलिमीटर आत वळवायला धरले की कापड ३६१ बाय २५२ लागतं. ३७ बाय २६ सेंटिमीटर कापलं.

खण तोच हवा होता, तर त्याला पाणी लागू द्यायचं नाही हे ठरलं. शिंपी कॉलरला लावतात ते फ्यूजिंग आणलं. खणाच्या मागे ठेवून, वरून सुती कापड, मध्यम गरम इस्त्री, न घासता दहा-दहा सेकंद दाबत. खणाला मागून अस्तर मिळालं, पाण्याशिवाय. कडा उसवायच्याही थांबल्या.

गोंद या वेळी फेविकॉल, चमचाभर खळ घालून जरा सरसरीत केलेला. आणि तो कापडाला नाही, पुठ्ठ्याला लावला, पातळ, ब्रशने मधून कडेकडे. पुठ्ठा कापडावर ठेवला, उलटवला, कापडावर कागद ठेवून तळहाताने हवा बाहेर काढली. कोपरे पुठ्ठ्यापासून तीन मिलिमीटर सोडून तिरके कापले. अगदी टोकाशी कापलं की पुठ्ठा उघडा पडतो. आधी वरची-खालची कड वळवली, कोपऱ्यातली चिमूट नखाने आत दाबली, मग बाजूच्या कडा. हे नुसतं कव्हर दोन दिवस दाबाखाली.

मग वही आत. या वेळी पुढे-मागे एकेक दुमडलेला कोरा कागद चार मिलिमीटरच्या पट्टीवर चिकटवून घेतला, आणि अस्तर त्यावर. जुनी मलमल पाठीवर होतीच, तिच्यावर नवी लावली, नवे कान काढून. अस्तराला गोंद लावण्याआधी त्याच्या आणि वहीच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद. खाचेत दोन विणायच्या सुया, पुढे एक मागे एक, आणि वर विटा. तीन दिवस. पहिल्या दिवशी रद्दी पाच वेळा बदलली. काढल्यावर गालाला लावून पाहिलं. गार लागत नव्हती.

साहित्याचा एकूण खर्च, पहिल्या फेरीतला वाया गेलेला पुठ्ठा आणि खण धरून, बाराशे रुपयांच्या वर्गणीत बसला.

पानांचा ग्रेन आडवा होता तो आडवाच राहिला. तो शिलाई न उसवता बदलत नाही. त्यामुळे वही उघडी ठेवायला हाताचा थोडा दाब लागतो. पुढच्या वहीसाठी ए-थ्रीचे ताव घेऊन ठेवलेत.

गटाने वाढदिवसांची यादी काढून तिच्यासमोर एकेक शब्द लिहिला आहे. जून ते सप्टेंबर : सुई. म्हणजे कॅनव्हासवर भरलेली खूणपट्टी, गोधडीच्या टाक्याची पुस्तक-पिशवी, क्रोशा. नोव्हेंबर ते मे : गोंद. पानं किंवा तुकडे गोळा करायची तारीख वाढदिवसाच्या तीन आठवडे आधीची, आणि दुमडून खूण केलेला कागद प्रत्येकीच्या हातात. ऑक्टोबर मोकळा ठेवलाय, पावसात बिघडलेल्या वस्तूंसाठी.

लाल बासन बाईंनी परत दिलं नाही. नवीन कव्हर घातलेली वही त्यातच असते, आणि नाडीखाली भिलारच्या दुकानातली एक पावती, मागे तीन पुस्तकांची नावं.